आठ एमएमचा उंदीर

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तक्तेसाहेबांनी आतल्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं आणि दहा एकवीसला घरातलं इंटरनेट गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे मान्य करायला त्यांना आणखी चार मिनिटं लागली. खरेदी विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस असा सहजासहजी कशाला जबाबदार ठरत नाही. आधी प्रकरण आपल्या विभागाचं आहे का, ते बघतो.

तक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसात टाचणी घ्यायची असो की जनरेटर, तीन ठिकाणचे भाव मागवून त्यांचा तुलनात्मक तक्ता करायची पद्धत होती आणि ते काम यांच्याकडे होतं. निवृत्त झाले तरी हात काही स्वस्थ बसेना. घरातला कुकर गळायला लागला तेव्हा त्यांनी तीन प्रकारच्या रिंगांचा तक्ता केला होता, आणि तो पुरा होईपर्यंत बाई आठ दिवस सगळं पातेल्यातच शिजवत होत्या. लोक साहेबांचं आडनाव विसरले, नावही विसरले. तक्तेसाहेब तेवढं राहिलं.

बाई म्हणजे त्यांची बायको. एके काळी शाळेत गणित शिकवायच्या म्हणून सगळी इमारत त्यांना बाईच म्हणे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी शाळा सोडली, त्याला अकरा वर्षं झाली होती. आता चौपन्नाव्या वर्षी त्यांनी लांबलांबच्या मुलांना घरबसल्या शिकवणाऱ्या एका संस्थेत अर्ज केला होता आणि चक्क बोलावणं आलं होतं. शनिवारी अकरा वाजता वीस मिनिटांचा नमुना पाठ. पडद्यावर खरीखुरी बारा मुलं आणि तीन परीक्षक. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता संस्था घरची लाइन तपासणार. त्या वेळी लाइन बंद असली तर नाव रद्द, दुसरी तारीख मिळणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मोबाइलवर भागेल म्हणावं तर त्या घरात रेंज मिळायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला तरच.

आता भोक कशाला, तर बाईंच्या मागे कोरी भिंत दिसते हे साहेबांना सोमवारी खटकलं. परीक्षकांना पुस्तकांचं शेल्फ दिसलं पाहिजे, त्याने वजन पडतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाईंना चकित करायचं म्हणून त्या बाजारात जाईपर्यंत ते थांबले. शेल्फचा तक्ता केला होता, स्क्रूचा केला होता, शेल्फ जमिनीपासून किती उंच असावं याचाही केला होता. भिंतीच्या आत काय आहे, हा रकाना तेवढा राहून गेला.

कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा लाल झाला. साहेबांनी ड्रिल पुसलं, डब्यात घातलं, डबा पलंगाखाली सारला आणि बाहेरच्या खोलीतल्या जुन्या लँडलाइनवरून कंपनीला फोन लावला. फोनवरची मुलगी गोड आवाजात दोषाचं कारण विचारत असतानाच दारात किल्ली फिरली.

"उंदीर, रस्त्याचं खोदकाम, ग्राहकाची चूक की इतर?" तिने विचारलं.

बाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या आणि साहेबांकडे बघत होत्या.

"उंदीर," साहेब म्हणाले.

"आपल्याकडे?" बाई म्हणाल्या.

"आलाय खरा कुठून तरी," साहेबांनी फोनवर हात ठेवून सांगितलं.

बुधवारी कंपनीचा माणूस आला. कमरेला पट्टा, पट्ट्याला पकडी, आणि खिशात एक प्लॅस्टिकची क्लिप, बोटाच्या पेराएवढी. त्याने भोकासमोर उभं राहून बराच वेळ आत बॅटरी मारली. मग भिंतीला टेकून ठेवलेल्या शेल्फकडे पाहिलं. मग साहेबांच्या डोक्यावरून हात वर नेऊन भोकाची उंची मोजली.

"उंदीर चांगला उंच दिसतोय," तो म्हणाला.

"असतात काही काही," साहेब म्हणाले.

"आणि गोल कुरतडतो. आठ एमएमचा असणार."

साहेबांनी घसा साफ केला आणि जोड कसा करणार ते विचारलं. त्या माणसाने दोन रीती सांगितल्या. आतली तार काचेची, केसासारखी बारीक, तिच्यातून उजेड धावतो. एक रीत म्हणजे दोन्ही टोकं सपाट कापायची, या क्लिपमध्ये समोरासमोर आणायची आणि दाबून बसवायची. दहा मिनिटांचं काम. सांध्यात उजेड जरासा गळतो, पण घरच्या लाइनीला तो पुरून उरतो. दुसरी रीत मशीनची. मशीन दोन्ही टोकं ठिणगीने वितळवून एकजीव करतं, गळती जवळजवळ नाहीच. पण सगळ्या भागात मशीन एक, त्याचा माणूस एक, आणि नंबर लावावा लागतो. शुक्रवारी येईल, फार तर शनिवारी.

"मग क्लिप लावा की," बाई म्हणाल्या.

"लावली असती, बाई. पण तक्रारीत उंदीर लिहिलाय. उंदराची केस असली की नियमाने मशीनचाच जोड. क्लिप लावायची तर कारण बदलायला पाहिजे." त्याने पट्ट्याच्या खिशातून एक छापील फॉर्म काढला. "इथे 'ग्राहकाची चूक' लिहायचं, खाली सही करायची. आणि घरातल्या एकाची साक्षीदार म्हणून सही. लगेच करून देतो."

बाई साहेबांकडे बघत होत्या, तो माणूस छताकडे बघत होता. एका सहीचं काम होतं. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर शेरे मारलेल्या माणसाने स्वतःच्या बायकोसमोर, आणि तेही एका क्लिपवाल्याच्या साक्षीने, 'ग्राहकाची चूक' असं लिहायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल.

"असा घाईने निर्णय घेता येणार नाही," साहेब म्हणाले. "दोन्ही पद्धतींचा तौलनिक अभ्यास करावा लागेल."

"करा," क्लिपवाला म्हणाला. "फॉर्म ठेवून जातो. मी याच भागात असतो, सह्या झाल्या की फोन करा."

साहेबांनी फॉर्म टेबलाच्या खणात टाकला आणि आखणीला बसले. टिकाऊपणा, उजेडाची गळती, लागणारा वेळ, पुढची देखभाल, शेरा. बसले म्हणजे काय, पाच मिनिटं बसायचे, उठून लाल दिवा बघून यायचे आणि पुन्हा बसायचे. मग स्वतःचं मत पुरेसं वाटेना म्हणून ते शेजाऱ्यांच्या मताला निघाले.

खाली सोनाराचं दुकान होतं. सोनाराने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. पेचाचं कानातलं आणि डाग देऊन, म्हणजे वितळवून सांधलेलं कानातलं यांत फरक असतो, तो म्हणाला. पेच आज ना उद्या सैल होतो, गिऱ्हाईक आंघोळीला जातं आणि रडत दुकानात येतं. डाग तो डाग. मशीनच घ्या. साहेबांना फार बरं वाटलं. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र म्हणाले, की रोगी दुखण्याने कळवळत असताना त्याला कायमच्या कवळीचे गुण सांगत बसायचं नसतं. आधी तात्पुरतं भरायचं आणि ठणका थांबवायचा. साहेबांनी हे मत तक्त्यात घेतलं नाही. डॉक्टरांना तांत्रिक पार्श्वभूमी नाही, असा शेरा मनातल्या मनात मारला.

इकडे दुसरंच रामायण सुरू झालं होतं. जिन्यात क्लिपवाल्याला सोसायटीच्या चेअरमनबाई भेटल्या होत्या आणि त्यांनी कामाचं कारण विचारलं होतं. तो सरळ माणूस, तक्रारीत होतं ते सांगून मोकळा झाला. दुपारी फलकावर सूचना लागली: "इमारतीत उंदीर शिरल्याचे तक्तेसाहेबांच्या निदर्शनास आले आहे. सर्वांनी खिडक्या बंद ठेवाव्यात." गुरुवारी सकाळी पिंजरे आले, औषधवाला आला, आणि त्याने प्रत्येकाच्या ओट्याखाली डोकं घालून पाहिलं. डॉक्टरांच्या बायकोला हा आपल्या स्वयंपाकघराचा अपमान वाटला आणि तिने साहेबांशी बोलणं टाकलं. संध्याकाळपर्यंत तिघांनी उंदीर प्रत्यक्ष पाहिला होता. सोनाराने तर अगदी बारकाईने पाहिला होता: करडा, डावा कान फाटका, नजर वाईट. एवढं सविस्तर वर्णन ऐकल्यावर साहेबांच्याही मनात पाल चुकचुकली, की न जाणो, खरंच असेल. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी पलंगाखाली वाकून बघितलं. ड्रिलचा डबा होता तिथेच होता.

बंद दाराआड बाईंचा सराव चाललेला असे. त्यांनी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून त्यांचे अर्धे, पाव, पाऊण असे तुकडे केले होते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला त्या अपूर्णांक शिकवत होत्या. "आता मला सांग, यातला एक काढला तर काय राहिलं? घाई नको. विचार कर." हा आवाज साहेबांनी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. आईच्या उशाशी बसून औषधांच्या वेळा सांगणारा आवाज वेगळा होता. दाराशी उभं राहून ऐकताना त्यांना स्वतःची लाज वाटली. ती फार वेळ वाटू नये म्हणून ते पुन्हा तक्त्याकडे वळले.

शुक्रवारी सकाळी तक्ता तयार झाला. मशीन अठ्ठेचाळीस गुण, क्लिप एकतीस. साहेबांनी तो बाईंसमोर ठेवला. बाईंनी गृहपाठ तपासावा तसा तो वरपासून खालपर्यंत तपासला.

"यात आज पाच वाजता कुठल्या रकान्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"तो 'लागणारा वेळ' यात येतो."

"त्या रकान्याला तुम्ही एकूण गुणच दोन ठेवलेत."

त्या एवढंच बोलल्या, चकत्या उचलल्या आणि आत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाला साहेबांकडे उत्तरं तयार होती.

मशीनवाला दहा ते सहा यांमध्ये येणार होता. साहेब दहापासून गॅलरीत उभे राहिले. अकराला फोन केला तर बारावा नंबर होता, एकला नववा, आणि तीनला पुन्हा दहावा. हे कसं, म्हणून त्यांनी विचारलं, तर मध्ये एक इस्पितळ आलं म्हणे. इस्पितळाला काय म्हणणार. ते गॅलरीतून दिव्याकडे, दिव्याकडून घड्याळाकडे आणि घड्याळाकडून परत गॅलरीत असे येरझारा घालू लागले. खाली एखादी गाडी थांबली की मान बाहेर काढायचे, आणि ती सोनाराच्या गिऱ्हाइकाची निघाली की मान आत घ्यायचे. पावणेचार वाजता त्यांनी पुन्हा फोन केला.

"आठवा नंबर आहे, सर. आज कठीण दिसतंय. पण उद्या नक्की, सर. उंदराच्या केसेस आम्ही सोडत नाही."

साहेबांनी फोन ठेवला. आतून बाईंचा आवाज येत होता, "पाऊण म्हणजे अजून पुरं झालं नाही, पण फार थोडं उरलंय." साहेबांनी टेबलाचा खण उघडला, तक्त्याच्या कच्च्या प्रती बाजूला केल्या आणि तळातून फॉर्म काढला. 'दोषाचे कारण' यापुढची ओळ कोरी होती. ग्राहकाच्या सहीची जागा कोरी होती. साक्षीदाराच्या जागी मात्र सही होती. फळ्यावर काढावी तशी वळणदार, पुरत्या नावानिशी, आणि खाली तारीख बुधवारची.

साहेबांनी ती तारीख दोनदा वाचली. मग त्यांनी पेन काढलं, 'ग्राहकाची चूक' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, सही केली, क्लिपवाल्याला फोन केला आणि फॉर्म घेऊन आतल्या खोलीच्या दारात गेले.

"उंदीर नव्हता," ते म्हणाले.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मंगळवारी आले तेव्हा तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आणि उंदीर काही भोकाखाली स्टूल ठेवून जात नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"माझी सही मी केली होती. तुमची मी कशी करणार?" बाईंनी चकत्या नीट एकावर एक रचल्या. "पाचपर्यंत वाट बघणार होते. त्यानंतर नसते बोलले या विषयावर. कधीच."

साहेब फॉर्म घेऊन बाहेरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. साडेचारला बेल वाजली.

क्लिपवाल्याने टोकं सोलली, पुसली, कापली आणि क्लिपमध्ये घालून दाबली. वर एक छोटी पांढरी डबी बसवली. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी लाल दिवा हिरवा झाला. फॉर्म घडी करताना तो फक्त एवढंच म्हणाला, "सापडला म्हणायचा उंदीर." पाचला तपासणी झाली, पास झाली, आणि त्या संध्याकाळी साहेबांनी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं.

प्रकरण इथे संपायला हवं होतं.

शनिवारी अकराला पाठ सुरू झाला. साहेब बाहेरच्या खोलीत श्वास रोखून बसले होते. अकरा वाजून सहा मिनिटांनी दारावर थाप पडली. उघडलं तर मशीनवाला, हातात केवढी तरी पेटी, चार जिने चढून घामाघूम झालेला.

"उंदराची केस," तो म्हणाला. "कुठाय तार?"

साहेबांनी दार मागे ओढून घेतलं आणि जिन्यात येऊन कुजबुजत सांगितलं, की काल क्लिप बसली, लाइन चालू आहे, आत पाठ चालू आहे, नमस्कार. मशीनवाल्याने कागद बघितला. क्लिपची तक्रार वेगळी, ती काल उघडली आणि कालच बंद झाली. उंदराची मंगळवारची, ती अजून उघडी आहे. आणि उघडी तक्रार सोडून तो आजवर कुठल्या इमारतीतून परत गेला नव्हता.

"पाच मिनिटांचं काम आहे, काका. क्लिप कापतो आणि पक्का जोड मारून देतो."

"कापायचं नाही," साहेब म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पसरून दार अडवलं. कुजबुजत दटावणं फार अवघड असतं.

"मग मला असं लिहून द्या, की उंदीर नाही आणि नव्हता. इमारतीच्या शिक्क्यासकट."

शिक्का चेअरमनबाईंकडे होता. आणि चेअरमनबाई पेटीचा आवाज ऐकून आधीच जिना चढत होत्या. त्यांच्यामागे सोनार होता. वरून डॉक्टर सपत्नीक उतरले होते. चार दिवस ज्या उंदरापायी सगळी इमारत वेठीला धरली गेली होती, त्याचा निकाल सगळ्यांनाच ऐकायचा होता.

साहेबांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. बंद दाराआडून बाईंचा आवाज येत होता, शांत आणि ठाम.

"उंदीर नव्हता," साहेब कुजबुजले. "मीच ड्रिलने तार तोडली. शेल्फ लावायला गेलो होतो. आणि खोटं बोललो."



"पण मी पाहिलाय त्याला," सोनार म्हणाला. "डावा कान फाटका."

"माझ्या ओट्याखाली डोकं घातलं त्या माणसाने," डॉक्टरांची बायको म्हणाली. गुरुवारपासून साहेबांशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

चेअरमनबाईंनी चष्मा सरळ केला. त्या काहीतरी लांबलचक बोलणार, इतक्यात आतून, पडद्यावरून, एका लहान मुलीचा आवाज आला.

"बाई, तुमच्या मागे भिंतीला भोक आहे. आणि एक डबी आहे. ते काय आहे?"

साहेबांनी डोळे मिटले. तीन परीक्षक ऐकत होते आणि बाईंना सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"ते होय," बाई म्हणाल्या. "या पाठासाठी माझ्या मागे पुस्तकं दिसावीत, असं आमच्या घरातल्या एकाला फार वाटत होतं. शेल्फ लावताना इंटरनेटची तार तुटली. मग ती जोडली. आता मला सांग, एका तारेचे दोन तुकडे झाले आणि पुन्हा जोडले, तर तार किती झाली?"

"एक," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण मध्ये डबी आहे."

"बरोबर. एक, आणि मध्ये डबी. चालेल ना?"

"चालेल."

जिन्यात डॉक्टरांच्या बायकोने पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की कशाला ते कळलं नाही. चेअरमनबाई काही न बोलता खाली गेल्या, शिक्का घेऊन आल्या आणि मशीनवाल्याच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी तो उमटवला. साहेबांनी सही केली. दोन दिवसांतली दुसरी सही, आणि ही पहिलीपेक्षा सोपी गेली.

अकरा वीसला दार उघडलं. बाईंचे गाल लाल झाले होते. जिन्यातली गर्दी बघून त्या जरा गोंधळल्या.

"सोमवारपासून या म्हणाले," त्या म्हणाल्या. "म्हणजे, इथूनच."

मशीनवाल्याने पेटी उचलता उचलता विचारलं, आणलंच आहे मशीन, तर पक्का जोड मारून देऊ का, गळती अजिबात राहणार नाही. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. तुलना करण्याइतका मोठा प्रश्न इतक्या माणसांसमोर त्यांना निवृत्तीनंतर कोणी विचारला नव्हता.

"यांना विचारा," साहेब म्हणाले.

"राहू दे ती क्लिप," बाई म्हणाल्या. "दिवा हिरवा आहे."

गर्दी पांगली. सोनार उतरताना शेवटपर्यंत फाटक्या कानाबद्दल बोलत होता. साहेब आत आले तर बाई वाकून पलंगाखालून ड्रिलचा डबा ओढत होत्या. भिंतीवर पेन्सिलची एक रेघ ओढलेली होती. तार भिंतीतून कुठून कुठे जाते ते बाईंनी काल क्लिपवाल्याला विचारून घेतलं होतं. रेघेपासून वीतभर खाली दोन फुल्या होत्या.

"स्टूल धरा," बाई म्हणाल्या आणि वर चढल्या.

"मी पाडतो ना भोक."

"तुम्ही साक्षीदार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं.

साहेबांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. भुवयांवर सिमेंट पडत होतं, पण त्यांनी कोपऱ्यातल्या हिरव्या दिव्यावरून नजर काही हलवली नाही.